आमच्या घराण्यातच अ‍ॅसिडिटी!

डेडलाइन, कटिंग चहा, रात्री अकराला वडापाव... आणि मग ड्रॉवरमधली पँटोप्राझोल. वर ठरलेला डायलॉग, ‘अरे, आमच्या घराण्यातच अ‍ॅसिडिटी आहे!’

बहुतेक वेळा दोष वडापावचाच असतो. पण क्वचित हा डायलॉग शब्दशः खरा निघतो.

मार्च २०१८मध्ये इरफान खानने आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. २९ एप्रिल २०२०ला तो गेला. हार्मोन्स बनवू शकणाऱ्या पेशींची ही गाठ बहुतेकदा आनुवंशिक नसते. पण ‘मेन-१’ नावाच्या दुर्मिळ आजारात अशा गाठींची शक्यता वारशानेच येते. आई किंवा बाबांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला चान्स ५० टक्के. मुलगा-मुलगी भेद नाही!

यात गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडतात, रक्तातलं कॅल्शियम चढतं, मुतखडे होतात. स्वादुपिंडात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला गाठी होतात. गॅस्ट्रिन बनवणारी गाठ पोटात अ‍ॅसिडचा पूर आणते. मग वारंवार अल्सर, जुलाब. इन्सुलिन बनवणारी गाठ साखर पाडते. मग घाम, थरथर, चक्कर.

आता समजा, परभणीजवळच्या बोरीत काकांना मुतखडा झाला, खापर बोअरच्या पाण्यावर. आत्याला अल्सर, खापर तिखटावर. पुण्यातल्या पुतण्याला चक्कर, खापर डाएटिंगवर. तीन गावं, तीन डॉक्टर, तीन फायली. त्या शेजारी ठेवून बघणार कोण?

तुम्हीच! असा पॅटर्न दिसला, तर डॉक्टरांना घराण्याची हिस्टरी सांगा. सुरुवात रक्तातल्या कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनच्या साध्या टेस्टने होते. गॅस्ट्रिन तपासायचं असेल, तर अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा. तिच्यामुळेही गॅस्ट्रिन वाढतं. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, बॉस.

या आजाराचा जीन १९९७मध्ये सापडला. घरातला दोष नेमका कळला, की बाकीच्यांना रक्ततपासणी पुरते. मुंबईत केईएमचा एंडोक्राइनॉलॉजी विभाग आणि टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहेच. रिपोर्ट निगेटिव्ह? सुटलात! पॉझिटिव्ह? तर दरवर्षी रक्त आणि ठरावीक काळाने स्कॅन. गाठ यकृतापर्यंत पसरण्याआधी, लहान असतानाच पकडायची, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

तेव्हा येत्या भाऊबीजेला चकलीबरोबर एक प्रश्नही पुढे करा, ‘आत्या, तुझं ते ऑपरेशन नेमकं कशाचं होतं गं?’