मलम किती, बरणी किती?

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात व्यापारविषयक पानांवर एक बातमी येऊन गेली. हिंदुस्तान युनिलिव्हरने जयपूरच्या 'मिनिमलिस्ट' नावाच्या कंपनीतला ९०.५ टक्के हिस्सा विकत घ्यायचे ठरवले होते. ही कंपनी दोघा भावांनी २०२० साली सुरू केलेली, म्हणजे वय पाच वर्षांचेही नाही. आणि तिचे मूल्य धरले गेले सुमारे तीन हजार कोटी रुपये. तिचे नाव झाले ते एका साध्या गोष्टीमुळे. आत कोणते द्रव्य आहे आणि ते किती टक्के आहे, हे तिने बाटलीच्या दर्शनी भागावर छापले. घेणारी कंपनी कोणती, तर जिने १९७५ पासून ४५ वर्षे 'फेअर अँड लव्हली' विकले आणि २०२० साली त्यातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. एका पिढीला तिने गोरेपणाची आशा विकली होती; पुढच्या पिढीला आता टक्केवारी विकायची आहे.

ही बातमी शेअर बाजारवाल्यांपुरती राहत नाही, कारण तिचा शेवट आपल्या न्हाणीघराच्या फळीवर होतो. तिथे कधीकाळी एक व्हॅसलिनची डबी आणि थंडीपुरती कोल्ड क्रीमची बाटली असे. आता टोनर असतो, सीरम असते, सनस्क्रीन असते, रात्रीचे वेगळे आणि दिवसाचे वेगळे असते. दीडशे रुपयांचेही क्रीम मिळते आणि पाच हजारांचेही. तेव्हा पाच हजारांच्या क्रीमने चेहऱ्यावर नेमके काय जास्त होते, हे एकदा नीट पाहायला हरकत नाही.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटा रचाव्यात तशा या पेशी, आणि त्यांच्यामधल्या सांध्यांत चुना भरावा तशी चरबी. ही भिंत शाबूत असली की आतले पाणी उडून जात नाही आणि कातडी मऊ राहते. कोणतेही मॉइश्चरायझर, मग ते पॅरिसचे असो की पिंपरीचे, या भिंतीची डागडुजी करते: ग्लिसरीनसारखा पदार्थ पाणी धरून ठेवतो, एखादा स्निग्ध पदार्थ फटी बुजवतो आणि पेट्रोलियम जेलीसारखा पदार्थ वरून झाकण घालतो. झाकण घालण्याच्या कामात १८७०च्या दशकात चेसब्रो नावाच्या अमेरिकन गृहस्थाने बाजारात आणलेल्या व्हॅसलिनला आजही तोड नाही, आणि ग्लिसरीन तर साबणाच्या कारखान्यातले जोडउत्पादन. कोकणात टाचांना भेगा पडल्या की कोकमाच्या तेलाचा मेणासारखा घट्ट गोळा जरा कोमट करून चोळत. तेच कोकमाचे तेल आज 'कोकम बटर' या नावाने दिमाखदार बरणीत जाऊन बसले आहे. त्याचे रसायनशास्त्र काही बदललेले नाही.

महाग बरण्यांवर पुष्कळदा कोलॅजेनचे नाव असते. कोलॅजेनच्या रेणूचा भार सुमारे तीन लाख डाल्टन. त्वचेतून आत शिरायला मात्र साधारण पाचशे डाल्टनपर्यंतच मुभा असते. हा अंदाज दोन डच संशोधकांनी २००० साली मांडला. हत्तीने उंदराच्या बिळात शिरावे तसला हा प्रकार. तो वरच राहतो, थोडे पाणी धरून ठेवतो, म्हणजे ग्लिसरीनचेच काम करतो. कायद्याला हे ठाऊक आहे. आपल्या १९४०च्या औषधे व प्रसाधने कायद्यात प्रसाधनाचे काम स्वच्छता, शोभा आणि रूप बदलणे एवढेच सांगितले आहे; रोग बरा करणे हे औषधाचे काम. (हळदीचे क्रीम या दोहोंपैकी कशात मोडते यावर अबकारी खाते आणि विको कंपनी वर्षानुवर्षे कोर्टात भांडत होते, ते याच व्याख्यांमुळे.) म्हणून जाहिरातीतली क्रियापदे जपून वाचावीत. सुरकुत्या 'कमी दिसतात' असे लिहिलेले असते, 'कमी होतात' असे सहसा नसते.

मग पैसे जातात कुठे? बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला याचे उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा नफा-तोटा पत्रकात शोधणे सोपे वाटते. जगातली सर्वांत मोठी प्रसाधन कंपनी म्हणजे फ्रान्सची लॉरियल. २०२३ साली तिची विक्री ४१ अब्ज युरोंच्या वर होती. आपल्या सोयीसाठी ती शंभर युरो धरू. या शंभरात माल तयार करण्याचा खर्च होता सुमारे २६ युरो. त्यात बरणी आली, झाकण आले, खोके आले आणि अर्थात आतले मलमही आले. संशोधनावर खर्च ३ युरो. जाहिरात आणि प्रसिद्धीवर ३२. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. गिऱ्हाईक जेव्हा शंभराची नोट पुढे करते, तेव्हा वस्तू बनवायला लागतात त्याहून अधिक पैसे ती वस्तू घ्यावीशी वाटायला लावण्यात गेलेले असतात. शिवाय ही सरासरी आहे, तिच्यात कंपनीचा स्वस्त मालही धरलेला आहे.

नव्वदच्या दशकात मी एका जिल्ह्याच्या गावी शाखेत होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचे कॅश क्रेडिट खाते आमच्याकडे होते आणि महिन्याच्या साठा तपासणीला मलाच जावे लागे. लिक्विड पॅराफिन, स्टिअरिक अॅसिड आणि ग्लिसरीन यांची पिंपे एका बाजूला, बरण्या आणि लेबले दुसऱ्या बाजूला. मालक तिघाचौघांसाठी जॉबवर्क करीत. साठ्याची किंमत लावताना बरण्यांचा आकडा पिंपांच्या आकड्याला सहज मागे टाकी. मी शंका काढली तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, कर्ज द्यायचं तर बरणीवर द्या. मलमाला कोण विचारतो?" एकाच टाकीतून निघालेले क्रीम दोन वेगळ्या लेबलांखाली, दोन वेगळ्या किमतींना जाताना मी स्वतः पाहिले आहे. त्यात बेकायदा काहीच नव्हते.

आता कोणी म्हणेल, ही गल्लीतली गोष्ट झाली. मोठ्या कंपन्यांच्या महाग क्रीममध्ये काहीतरी असेलच. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २००७च्या सुरुवातीला सुरकुत्यांवरच्या क्रीमच्या चाचण्यांचा निकाल छापला. ला प्रेरी या उंची नावाचा संच होता ३३५ डॉलरचा, आणि ओलेचा ५७ डॉलरचा. जरासा उजवा ठरला तो ओलेचा. पण त्या अहवालातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. सर्वांत चांगल्या क्रीमनेसुद्धा सुरकुत्यांची खोली सरासरी दहा टक्क्यांहून कमीच घटवली होती, आणि तेवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण.

त्याच वर्षी इंग्लंडात बीबीसीच्या एका कार्यक्रमात मँचेस्टरचे त्वचारोगतज्ज्ञ ख्रिस ग्रिफिथ्स यांनी बूट्स या औषधविक्रेत्यांच्या एका स्वस्त सीरमबद्दल बरे शब्द काढले, तर दुकानांबाहेर रांगा लागल्या. पुढे साठ जणांवर त्याची रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांत सुधारणा दिसली. आणि ज्यांना मुख्य द्रव्य वगळून नुसते मलम दिले होते, त्यांच्यातही २२ टक्के! म्हणजे गुणाचा निम्मा भाग रोज नेमाने काहीतरी चोपडण्याचाच होता.

महाग वस्तूचा गुण येतो तो पुष्कळदा मनाला. अमेरिकेत २००८ साली ८२ जणांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेली गोळी देण्यात आली. निम्म्यांना गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितली, निम्म्यांना दहा सेंट. महाग गोळीने ८५ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, स्वस्त गोळीने ६१ टक्के. गोळी तीच. कंपन्यांना हे गणित आपल्या आधी कळले आहे. एस्टी लॉडर हे एकच घराणे 'ला मेर' हे डोळे पांढरे करणारे महाग क्रीमही विकते आणि 'द ऑर्डिनरी' ही मुद्दाम साधी, स्वस्त मालिकाही. ओले आणि त्याच्या कितीतरी पट महाग एसके-टू यांची मालकी प्रॉक्टर अँड गॅम्बलकडेच आहे, आणि नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, दोन्हींत सापडतो.

महाग वस्तू सगळ्याच पोकळ, असे मात्र नाही. क जीवनसत्त्वाचे सीरम हवेने आणि उजेडाने लवकर बिघडते. ते टिकवण्याची युक्ती अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल यांनी बसवली, तिचे पेटंट घेतले गेले, आणि त्या मेहनतीची किंमत मोजणे मला गैर वाटत नाही. त्याउलट वय झालेल्या त्वचेवर ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, ते ट्रेटिनॉइन हे औषध. आणि आपल्याकडे त्याची ट्यूब काही शे रुपयांतच मिळते. मात्र ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि दिवस गेलेल्या बाईने तर मुळीच लावू नये.

आणि मग सनस्क्रीन. त्वचा काळवंडणे, सुरकुतणे यात मोठा वाटा उन्हाचा, तेव्हा एकाच गोष्टीवर पैसे खर्चायचे तर यावर खर्चावेत. एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन जाळणारी किरणे सुमारे ९७ टक्के अडवते, ५० असलेले ९८ टक्के. पण हे आकडे प्रयोगशाळेतले, तिथे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅमचा लेप देतात. चेहरा आणि मान धरून याचे साधारण सव्वा ग्रॅम होतात, म्हणजे पाव चमचा. सोळाशे रुपयांची पन्नास ग्रॅमची ट्यूब असेल तर रोजचे चाळीस रुपये चेहऱ्यावर जाणार. मध्यमवर्गीय हात इथे आखडतोच. वाटाण्याएवढा ठिपका घेऊन तो कानापर्यंत पुरवला जातो, ट्यूब चार महिने चालते आणि संरक्षण निम्म्याहून खाली येते. तीनशे रुपयांची ट्यूब असेल तर रोजचे साडेसात रुपये पडतात आणि हात मोकळा सुटतो. चांगल्या कंपनीचे स्वस्त सनस्क्रीन भरपूर लावणारी मुलगी, महाग सनस्क्रीन पुरवून पुरवून लावणाऱ्या मुलीपेक्षा उन्हापासून अधिक सुरक्षित असते.

स्वस्तातही धोका आहे, आणि तो पैशांपुरता राहत नाही. अकोल्याच्या एकाच कुटुंबातल्या तिघींची बातमी २०२३च्या सुरुवातीला वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. पार्लरमधून घेतलेले गोरे करणारे क्रीम लावता लावता तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले, आणि त्यांच्यातले १३ जण अशी क्रीमे वापरत होते. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून आठ दिवसांत उजळ वाटते. आपल्या २०२०च्या नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर अनवधानाने राहिलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. स्टिरॉइडची मलमे हा याचाच जुळा भाऊ. ती २०१८ साली सरकारने चिठ्ठीच्या यादीत टाकली, तरी दुकानदाराच्या शब्दावर ती अजून घरोघर जातात. दोन्हींच्या मुळाशी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीच्या रंगाकडे पाहणारी नजर आहे. 'फेअर' हा शब्द डबीवरून गेला, विवाहविषयक जाहिरातींतून 'गोरी' गेलेली नाही.

तेव्हा पहिली चाळणी किमतीची लावू नये, लेबलाची लावावी. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी यांतले काही नसेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. यादी असेल तर ती वाचायची रीत सोपी आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कसेही लिहिता येतात. ज्या मौल्यवान द्रव्याचे नाव बरणीवर सोनेरी अक्षरांत असते, ते यादीत टिकाऊपणासाठी घातलेल्या फिनॉक्सिएथॅनॉलच्याही खाली सापडले तर काय समजायचे ते समजावे, कारण हे रसायन एक टक्क्याहून जास्त घालायला बंदी आहे.

माझी पुण्यातली भाची हे सगळे माझ्यापेक्षा चांगले जाणते. "मामा, तू एमआरपी बघतोस, मी पर्सेंटेज बघते," असे ती मला ऐकवते. तिच्या फळीवर सात बाटल्या आहेत, एकही सातशे रुपयांच्या वरची नाही, आणि सातांची बेरीज एका उंची बरणीएवढी होते. ती मी करून दाखवली तेव्हा तिने विषय बदलला. नायसिनामाइडवरचे पुष्कळसे चांगले प्रयोग दोन ते पाच टक्क्यांवर झालेले असताना बाजारात दहा टक्क्यांची चढाओढ लागली आहे. हा नवा आकडाही जाहिरातच आहे. चेहऱ्याला सौम्य साबण, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढे पुरते. त्याहून अडचण असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट बहुतेक वेळा एका उंची सीरमपेक्षा स्वस्त पडते.

हौसेचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. सुवासासाठी, बोटांना लागणाऱ्या मऊपणासाठी, ड्रेसिंग टेबलावर छान दिसते म्हणून कोणी महाग बरणी घेतली, तर तो खर्च अत्तराच्या खात्यात टाकावा, औषधाच्या नव्हे. आमच्या घरीही नरकचतुर्दशीला उटण्याबरोबर मोती साबणाचीच वडी लागते. ती नेहमीच्या साबणापेक्षा महाग असते, आणि तिच्या वेष्टनावर काय काय लिहिले आहे ते मी आजवर वाचलेले नाही.