यंत्राचा डोळा आणि जामखेडची कला

नवे यंत्र आले की आपल्या समाजात दोन पक्ष पडतात. एक पक्ष त्याला ओवाळतो, दुसरा त्याच्या नावाने बोटे मोडतो. आणि यंत्र दोघांकडेही न पाहता आपले काम करीत राहते. मोबाइलच्या बाबतीत हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. आज जामखेडच्या बाजारात भाजीचे पैसे मोबाइलवरून चुकते होतात, आणि कांद्याचा भाव गाडी बाजार समितीत पोहोचण्यापूर्वीच शेतकऱ्याच्या हातात येतो. ही सोय नाकारणारे आम्ही कोण? परंतु या यंत्रास एक डोळाही आहे. तो जामखेडच्या कलावंतांवर कसा रोखला गेला आहे, याविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

जामखेड हे अवर्षणाशी झुंजणाऱ्या मुलखातील तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि २०२४ मध्ये साऱ्या जिल्ह्याने त्यांचे नाव धारण केले. परंतु महाराष्ट्रातील लावणीचा रसिक जामखेडचे नाव घेतो ते येथील लोकनाट्य कला केंद्रांसाठी. मोडनिंब, चौफुला आणि जामखेड ही नावे त्याच्या तोंडी एका दमात येतात. गावाची ही ओळख आमच्या सभ्य मंडळींस अडचणीची वाटते. हा संकोच आजचा नव्हे. संगमनेरच्या अनंत फंदींना लावणी सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश खुद्द अहिल्याबाईंनी केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ती इतकी वर्षे आवडीने सांगितली गेली, यावरून समाजाचे मन कळते. लावणी हवी असते. मात्र तिच्याशी आपले नाते उघड व्हावयास नको असते.

या केंद्रांत चालते ती संगीत बारी. जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून गण-गौळण आणि वग करणारा ढोलकीफड वेगळा, आणि पेटी, तबला, ढोलकीच्या साथीने थोड्या श्रोत्यांसमोर होणारी बारी वेगळी. तिच्यातील बैठकीची लावणी तर जवळून पाहण्याचीच कला आहे. गायिका बसून एकच ओळ पुनःपुन्हा घेते, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी, भुवईने, बोटांच्या हालचालीने तिचा नवा अर्थ दाखविते. शब्द तोच, पण एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा व्याकुळता. आम्ही वर्गात मुलांना शब्दाच्या तीन शक्ती शिकवीत असू. त्यांतील व्यंजना म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा अशी एक बैठक लवकर शिकवून जाईल.

आता मोबाइलच्या पडद्यावर या कलेचे काय होते, ते पाहावे. तीस सेकंदांच्या तुकड्यात एका ओळीचे सात अर्थ मावत नाहीत; मावतो तो घुंगरांचा ठेका, गिरकी आणि पदर. ज्यास चित्रीकरण करावयाचे असते तो नेमके तेवढेच टिपतो, आणि ज्याने जामखेड कधी पाहिले नाही तो तेवढ्यावरूनच लावणी म्हणजे काय, हे ठरवून मोकळा होतो. पुढे कलावंतांसही त्याच मागणीप्रमाणे वागावे लागते. बैठकीची फर्माईश विरळ होत जाते, आणि ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर नाच करण्याची फर्माईश वाढते.

याचा अर्थ तमाशा हा यंत्राचा वैरी आहे, असा मात्र नव्हे. बाजाची पेटी आपल्याकडे युरोपातून आली आणि बारीत अशी रुजली की तिच्यावाचून बारी उभी राहत नाही. गॅसबत्ती आली, ध्वनिक्षेपक आला. तमाशाने दोन्ही पचविले. चित्रपटानेही लावणीवर उपकार केले. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा' आणि २०१० चा 'नटरंग' यांनी लावणी ज्या घरांत नेली, तेथे तमाशाचे नाव काढणेही वर्ज्य होते. सुलोचना चव्हाण यांनी ती ध्वनिमुद्रिकांवरून घरोघर पोहोचविली, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस आनंदच झाला. परंतु चित्रपटातील नटीस बिदागी मिळते, गायिकेचे नाव ध्वनिमुद्रिकेवर छापले जाते. खिशातील कॅमेऱ्याने टिपलेल्या कलावंतास ना बिदागी मिळते, ना नाव. तिला कोणी विचारलेलेही नसते.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. आपल्या मुलांना दूरच्या वसतिगृहात ठेवून शिकविणाऱ्या, आणि आपला व्यवसाय त्यांच्या वर्गमित्रांस कळू नये म्हणून जिवाचे रान करणाऱ्या माता या व्यवसायात आहेत. बारीतील एक चोरून टिपलेला तुकडा, त्याखाली कोणा रिकामटेकड्याने लिहिलेली एक ओंगळ ओळ, आणि त्या मातेने दहा वर्षे उभी केलेली भिंत एका रात्रीत कोसळते. जो श्रोता दौलतजादा करतो तो निदान समोर बसून, तोंड दाखवून करतो. हा नवा प्रेक्षक स्वतः अंधारात राहतो आणि तिला उजेडात आणतो.

कायदा येथे मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतास प्रयोगाचा हक्क मिळाला. 'कलावंत' या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने गायक, वादक, नर्तक यांच्या पंगतीला कसरती करणारा, जादूगार आणि गारुडी यांनाही बसविले आहे. ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. प्रयोगाचे मुद्रण करू द्यावे की नाही, ते लोकांपुढे मांडू द्यावे की नाही, हे ठरविण्याचा हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली : प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे, आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, असे कलावंत मागू शकतो. खासगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणास सवलत आहे. पण साऱ्या जगाला दाखविणे म्हणजे खासगी उपयोग नव्हे, हे सांगण्यास वकील लागू नये.

तथापि, हक्क कागदावर असणे वेगळे आणि हातात असणे वेगळे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने होणारी नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखली. निर्णय योग्यच होता. पण उद्या हेच यंत्र जामखेडच्या एखाद्या गायिकेचा आवाज उचलील, तिचा चेहरा भलत्याच देहावर चढवील, तेव्हा ती कोणत्या बळावर उच्च न्यायालयाची पायरी चढणार?

ज्ञान आणि यंत्र दुबळ्याच्या हातात कसे द्यावे, हे जामखेडला नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या खेड्यांतील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, बालकांचा आहार, रोगप्रतिबंध यांचे ज्ञान त्यांच्या हाती सोपविले. डॉक्टरी विद्या ही डॉक्टरांचीच मिरास आहे, या समजुतीस त्यांनी जामखेडच्या मातीत मूठमाती दिली. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या विद्येपुढे हे मोबाइलचे यंत्र किती सोपे! जी गोष्ट औषधाच्या बाबतीत साधली, ती कॅमेऱ्याच्या बाबतीत का साधू नये?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक कला केंद्राच्या दारावर ठळक पाटी असावी : कलावंताच्या अनुमतीवाचून चित्रीकरण करू नये. पाटी लावणे मालकाचे काम आणि ती पाळणे श्रोत्याचे. ज्या कलावंतांना आपली कला या माध्यमातून स्वतःहून मांडावयाची आहे, त्यांना ती आपल्या नावाने, आपल्या अटींवर कशी मांडावी आणि तिचे उत्पन्न आपल्या खात्यात कसे आणावे, हे शिकविणारा वर्ग नगरपरिषदेने किंवा एखाद्या महाविद्यालयाने भरवावा. आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने वृद्ध गायिकांच्या बैठकीच्या लावण्या संपूर्ण, अदाकारीसह मुद्रित करून ठेवाव्यात. मात्र त्यांस योग्य मानधन देऊन, आणि मुद्रणाची एक प्रत त्यांच्या स्वाधीन करून. ज्या ओळीचे सात अर्थ एका वृद्धेच्या डोळ्यांत साठले आहेत, ते तिच्याबरोबर जाऊ द्यावयाचे काय, हा प्रश्न उद्यावर टाकता येणार नाही.

मोबाइलवरील तुकड्यांमुळेच नवा श्रोता केंद्राकडे वळतो, असे कोणी म्हणेल. तसे होत असेलही. पण श्रोता आणावयाचा म्हणून गायिकेची इच्छा न विचारण्याची मुभा कोणास मिळत नाही. ज्यास तिचे गाणे खरोखर आवडले असेल, त्याने यंत्र खिशातून काढण्यापूर्वी तिला विचारावे. ती हो म्हणाली तर तिचे नाव लिहावे. नाही म्हणाली तर यंत्र खिशात ठेवावे, आणि ती पुढची ओळ कशी घेते, तिकडे लक्ष द्यावे.