भात त्या यादीत होता का?

पुढचे शब्द एकदाच वाचा आणि मागे वळू नका. गादी, उशी, चादर, जांभई, रात्र, पांघरूण, घोरणं, डुलकी, पेंग, स्वप्न, पहाट, अंगाई. आता सांगा, यादीत ‘पहाट’ होती का? होती. आणि ‘झोप’? अशा यादीवर भलेभले छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. ती नव्हती.

ही युक्ती जुनी आहे. जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये ती वापरली, १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी पुन्हा हाती घेतली. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी कधीच न ऐकलेला शब्द ५५ टक्के वेळा ‘आठवून’ लिहिला. तेव्हा त्यासाठी मुलांना वर्गात बसवावं लागायचं. आता लिंक व्हॉट्सॲपवर येते: ‘स्मरणशक्तीवरील संशोधन, फक्त १५ मिनिटे, कृपया पुढे पाठवा.’ पीएच.डी. करणारं कुणीतरी असतं, त्याला माणसं हवी असतात, आपण भरतो. मीही भरतो. या अभ्यासांना माझा विरोध नाही. पण ‘मराठी माणसाची स्मृती’ असं नाव देऊन त्यातून जे निष्कर्ष निघतात, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. का, ते गुंजवण्यात बसलं की चटकन कळतं.

नसरापूरला सातारा रस्ता सोडायचा, मार्गासनी, साखर करत राजगडाच्या पायथ्याच्या या गावात पोचायचं. शनिवार-रविवारी इथं चोरदरवाज्याने गड चढणाऱ्यांच्या गाड्यांची रांग असते. एखादा कोथरूडचा मुलगा पिठलं-भाकरीची वाट बघत ओसरीवर टेकलेला असताना ही लिंक उघडतो आणि दहा मिनिटांत भरून टाकतो. अभ्यासाने फोनची जागा नोंदवली, तर हा गडी ‘ग्रामीण पुणे’ या रकान्यात जाऊन बसणार. त्याच ओसरीवर घरची नात आजीला फोन दाखवत असते, कारण फोन घराचा आहे, आजीचा नाही. शब्द नातच वाचून दाखवते. मग विचारते, “आजी, मघाशी काय काय म्हटलं मी?” आजी म्हणते, “तूच म्हणालीस की गं, तूच सांग.” नात हसते आणि दोनचार शब्द सुचवते. पडद्यामागच्या संशोधकाला यातलं काही दिसत नाही. त्याच्या तक्त्यात एक ओळ वाढते: स्त्री, वय ७०, गुण अमुक.

आता यादीच बदलून बघू. राब, तरवा, चिखलणी, आवण, इरलं, खाचर, लावणी, झोडणी, पेंढा. आजीला विचारलं, ‘भात’ होता का, तर ती बहुधा हो म्हणेल आणि चुकेल. कोथरूडचा मुलगा नाही म्हणेल आणि बरोबर ठरेल, कारण यातल्या निम्म्या शब्दांचा एकमेकांशी काय संबंध, हेच त्याला ठाऊक नाही. या प्रयोगाची खरी गंमत इथे आहे. ज्याच्या डोक्यात शब्दांचं जाळं घट्ट विणलेलं, तो जास्त फसतो. लहान मुलं या सापळ्यात मोठ्यांपेक्षा कमी अडकतात, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. म्हणजे इथली चूक बऱ्याचदा अज्ञानाची नसते, ओळखीची असते. मग इंग्रजी यादीचं भाषांतर करून आजीपुढे ठेवली की नेमकं काय मोजलं जातं? तिची स्मृती, की संशोधकाच्या जगाशी तिची ओळख?

हा माझा एकट्याचा कांगावा नाही. मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी ज्या देशांतले होते, तिथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते, याकडे जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बोट दाखवलं. ऑनलाइन पद्धतीने हे बदलेल अशी आशा होती. थोडं बदललंही. पण लिंक पोचते ती लिंक उघडणाऱ्यांपर्यंतच.

वेगळं करता येतं, आणि आपल्याच देशात केलेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगढला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी स्मृती-आकलनाची एक प्रसिद्ध चाचणी नव्याने बांधली. ती १९९५ मध्ये छापून आली. मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायचं होतं. इथे तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि म्हणतो, माझ्याकडे बघून तसंच करा. एक वाक्य लिहून दाखवण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. प्रश्न तोच, पण वाट माणसाच्या दारातून काढलेली.

पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण हवं तर केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा १९९३ पासूनचा माता-पोषण अभ्यास घ्या. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया, मग त्यांची मुलं. मुलं ९ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे उलट क्रमाने म्हणायला लावले. आईला गरोदरपणी बी-१२ कमी, त्या मुलांची या चाचणीत कामगिरी किंचित मागे. फरक लहान होता, पण तो दिसला, कारण त्याच घरांशी इतकी वर्षं नातं राखलं होतं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, त्यातही माणूस घरी जाऊन दहा शब्द ऐकवत होता आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत होता. खर्चिक, वेळखाऊ काम. लिंक फुकट असते, हा तिचा मोठा गुण आहे, आणि तिची सगळी दुखणीही त्यातूनच येतात.

घरी जाऊनही घोटाळे होतातच. अशा चाचण्यांत तुम्ही आत्ता कुठे आहात, असं विचारतात. समजा तालुका विचारला. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय. आयुष्यभर वेल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेली आजी ‘वेल्हे’ म्हणाली तर गुण कापणार का? यादीत ‘राजगड’ छापलेलं असलं आणि तपासनीस कोवळा असला, तर कापेलही.

राहिला संमतीचा प्रश्न. ‘मी सर्व वाचले आहे’ या चौकोनावर आपण न वाचताच टिचकी मारतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय सांगितली आहे. मराठी त्यात आहे. संशोधनाला याच कायद्यात काही अटींवर सूट आहे, म्हणून गाफील राहू नका. पहिल्या पानावर नैतिकता समितीचं नाव आणि संपर्क शोधा. ते नसेल तर पान बंद करा, पीएच.डी. अडली तरी चालेल. असेल तर प्रामाणिकपणे भरा, आजीच्या जागी नातीने उत्तरं देऊ नयेत, आणि निष्कर्ष मराठीत कळवा असं शेवटच्या रिकाम्या चौकटीत लिहा.

विद्यापीठवाल्यांनाही एक विनंती. वेल्हे-भोरकडे लिंक पाठवायचीच असेल तर आषाढात पाठवू नका. लावणीच्या दिवसांत ती कुणी भरणार नाही, आणि मग अहवालात ‘ग्रामीण प्रतिसाद अपुरा’ असं छापून येईल.