अतिजलद गाडी आणि तुटलेला रूळ

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही १९६० च्या दशकात बांधलेली धरणांची जोडी. तिच्या पाण्यावर हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील शेती पोसली जाते. धरण झाले, कालवे निघाले, येलदरीला वीजही तयार झाली. रेल्वे मात्र या गावाला कधी शिवली नाही. जवळचा रूळ म्हणजे वसमत आणि हिंगोली या स्थानकांवरून अकोल्याकडे जाणारा पूर्णा–अकोला मार्ग. तेथवर जायचे तर एस. टी. अथवा जीप. अशा गावातील शेतकऱ्याशी मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनबद्दल बोलू लागले तर तो प्रथम हसेल, हे उघड आहे. परंतु त्या गाडीचा हिशेब याच गावात बसून मांडणे आवश्यक आहे. जे तिच्यात कधीही बसणार नाहीत, त्यांच्याही खिशातून तिची किंमत वसूल होत असते.

१४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमती येथे भारत आणि जपान या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली. लांबी ५०८ किलोमीटर, स्थानके १२, अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींहून अधिक. १५ ऑगस्ट २०२२ चा मुहूर्त जाहीर झाला होता. तो केव्हाच टळला. आता सुरत–बिलिमोरा हा पहिला तुकडा ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू होईल, असे रेल्वेमंत्री सांगतात. मूळ अंदाजाचे पुढे काय झाले असेल, हे बांधकामाचा थोडासा अनुभव असलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

या प्रकल्पाचे समर्थक एक युक्तिवाद मोठ्या तोऱ्याने करतात. खर्चाचा ८१ टक्के भाग जपान कर्जाऊ देत आहे, व्याज अवघे ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, आणि त्यातली पहिली १५ वर्षे मुद्दलाला हातही लावायचा नाही. मग हे जवळजवळ फुकटच नव्हे काय? घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, ही म्हण ज्यांनी बांधली त्यांना अर्थशास्त्र अधिक कळत होते. घोडे फुकट आले तरी त्याला दाणावैरण घालावी लागते. शिवाय हे कर्ज येनमध्ये आहे. ५० वर्षांत येन आणि रुपया यांचे नाते कसे राहील, याची जोखीम जपानी धनकोने घेतलेली नाही. ती भारत सरकारने, म्हणजे भारतीय करदात्याने, आपल्या शिरावर घेतली आहे. त्यातच अशा कर्जाबरोबर गाड्या, तंत्र आणि सल्लागार धनकोच्या देशातून येणार, हेही ओघाने आले. दिलेला पैसा बऱ्याच अंशी मालाच्या रूपाने परत घरी जातो. व्याजाचा दर कमी असण्यामागे औदार्य किती आणि व्यापार किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राजवटीत रेल्वे आली ती ‘गॅरंटीड’ म्हणून. लंडनच्या भागधारकांचे भांडवल आणि त्यावरील परताव्याची हमी मात्र हैदराबाद संस्थानच्या खजिन्याची. गाडी तोट्यात गेली तर रयत भरणार आणि नफ्यात गेली तर लंडनला पाठवणार, असा तो करार होता. दीडशे वर्षांत भागधारकांचे शहर बदलले, चलन बदलले. जोखीम कोणी घ्यायची हे मात्र तसेच राहिले आहे.

आता दुसरी बाजू. या प्रकल्पासाठी स्थापन केलेल्या कंपनीत महाराष्ट्र शासनाचा भांडवली वाटा ५ हजार कोटी रुपयांचा आहे. गुजरातचाही तेवढाच. मार्गातला सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा भाग गुजरातेत आणि सुमारे दीडशे किलोमीटरचा महाराष्ट्रात; बारापैकी चार स्थानके महाराष्ट्रात – मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. वाटा समान, लाभ असमान, हा मुद्दा प्रांतीय अभिमानाचा म्हणून सोडून दिला तरी चालेल. अधिक गंभीर तुलना दुसरीच आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीड शहराला पहिली गाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षे! मूळचा काही शेकड्यांतला खर्च या दिरंगाईपायी सुमारे ४ हजार ८०० कोटींवर गेला आणि त्याचा अर्धा भार राज्याने उचलायचा, असे ठरले. म्हणजे महाराष्ट्राने बुलेट ट्रेनच्या कंपनीत घालण्याचे मान्य केलेला पैसा, दुष्काळी बीड जिल्ह्याला रेल्वे देणाऱ्या संपूर्ण मार्गाच्या खर्चापेक्षा अधिक आहे. पैसा नाही म्हणून बीडने तीस वर्षे वाट पाहिली. पैसा होता, तो कोणासाठी बाहेर काढायचा एवढाच प्रश्न होता.

हिंगोलीकरांचे दुःख तर याहून विलक्षण आहे. त्यांच्याकडे रूळ होता आणि तो तोडला गेला. पूर्णा–हिंगोली हा मीटरमापी मार्ग १९१२ चा. स्वातंत्र्यानंतर तो वाशीम, अकोला, अकोट असा वर चढत, सातपुडा ओलांडून खांडव्याला जाऊन भिडला. धूळघाटाजवळ गाडी चढ चढताना चारच्या आकड्यासारखा वळसा घेई. जुने प्रवासी त्याचे वर्णन अजून करतात. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस या मार्गाने राजस्थान, माळवा, वऱ्हाड आणि मराठवाडा अशी मजल मारीत तेलंगणात उतरत असे. राज्यांच्या सीमा ओलांडणारी आणि तरीही गोरगरिबांना परवडणारी ही गाडी होती. वसमत–हिंगोलीची हळद, अकोल्याचा कापूस, खांडव्याचा बाजार आणि हैदराबादची मजुरी यांना जोडणारा तो दुवा होता.

रुंद मार्गासाठी मराठवाड्याने किती आंदोलने केली हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९७४ च्या विकास आंदोलनातही ती प्रमुख मागणी होती. पूर्णा–अकोला भाग अखेर २००८ च्या सुमारास रुंद झाला. उरला अकोला–खांडवा, १७६ किलोमीटर. रुंदीकरणासाठी तो जानेवारी २०१७ पासून बंद करण्यात आला. अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा तुकडा तयार झाला, त्यावर २०२२ च्या अखेरीस गाडी सुरू झाली. पुढे मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प. तेव्हापासून अकोल्याहून खांडव्याला या मार्गाने थेट गाडी नाही. दक्षिणेकडून आलेली गाडी अकोल्याहून भुसावळला आणि तेथून खांडव्याला, असा सुमारे २६० किलोमीटरचा वळसा घेते, आणि तोही देशातील अत्यंत गजबजलेल्या रुळांवरून. योगायोग असा की, ज्या वर्षी साबरमतीला पायाभरणी झाली त्याच वर्षी हा मार्ग बंद झाला होता.

येथे आपल्याच काही मित्रांची एक चूक सांगितली पाहिजे. वाघ मोठा की माणूस, असा प्रश्न उभा करून सभा जिंकता येते. परंतु तो प्रश्न खोटा आहे. अभयारण्याच्या गाभ्यातून जाणाऱ्या जुन्या रेषेला पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली ती योग्यच होती. अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने जाणारी पर्यायी रेषा सुमारे ३० किलोमीटरने लांब असली तरी बुलढाणा जिल्ह्यातील ज्या दाट वस्तीच्या गावांना रेल्वे ठाऊकच नव्हती त्यांना ती जोडते. वाघही राहतो, माणसेही प्रवास करतात. अडचण जंगलाची राहिलेली नाही. अडचण आहे ती त्या ३० जादा किलोमीटरांसाठी कोणालाही घाई नसण्याची. अतिजलद मार्गावर प्रत्येक खांबाची प्रगती छायाचित्रांसह प्रसिद्ध होते. अकोटच्या पुढे काम किती सरकले, हे जाणून घ्यायला खासदारांना लोकसभेत प्रश्न विचारावा लागतो.

दुसरी चूक मराठवाड्यातील पुढाऱ्यांची. मुंबई–जालना वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. जनशताब्दी मार्च २०२४ मध्ये जालन्याहून हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. या गाड्यांचे स्वागतच आहे. जनशताब्दीत तर सामान्य माणूस बसतो. परंतु आता जो तो पुढारी आपल्या गावी वातानुकूलित गाडीचा थांबा मागतो आहे, आणि मुंबई–नागपूर अतिजलद मार्गाची पाहणी झाली म्हणून पेढे वाटायला सिद्ध आहे. पी हळद आणि हो गोरी, असा विकास होत नसतो. हळदीच्या जिल्ह्याला तरी हे ठाऊक असावे. त्याच जिल्ह्यातून ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्गही आखला आहे. शेतकरी त्याला विरोध करीत आहेत. औंढ्याच्या नागनाथाला मोटारीतून येणाऱ्या भाविकांसाठी हजारो कोटी, आणि एस. टी.ने येणाऱ्यांसाठी तीच जुनी बस!

जपानचे उदाहरण वारंवार दिले जाते, तेव्हा ते पूर्ण द्यावे. तोक्यो–ओसाका शिन्कान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. तो मार्ग नफ्यात चालला, कारण जुना रूळ प्रवाशांनी तुडुंब भरलेला होता आणि दोन महानगरांच्या मध्ये दाट वस्तीची साखळी होती. त्याविषयी वाद नाही. परंतु त्याच वर्षी जपानची राष्ट्रीय रेल्वे प्रथम तोट्यात गेली. पुढे पुढाऱ्यांच्या मतदारसंघांना खूश करणारे महागडे मार्ग आणि वाढते कर्ज यांच्या ओझ्याखाली ती दबली. १९८० नंतर ८० हून अधिक शाखामार्ग तिने सोडून दिले. आणि १ एप्रिल १९८७ रोजी सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज मागे ठेवून तिचे तुकडे करण्यात आले. हा सारा दोष वेगवान गाडीचा नव्हे. परंतु मोठ्या शहरांच्या गतीचे कौतुक चालू असताना खेड्यांचे रूळ कसे उखडले जातात, हे त्या इतिहासातून दिसते.

भारतात वेगळा मार्ग होता आणि तो समाजवाद्यांनी दाखवला होता. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली आणि मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविरहित गाडी म्हणून सुरू केली. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि चार राज्यांचे भांडवल, देशात विकलेले रोखे, ७४१ किलोमीटरचा डोंगर–दऱ्यांचा मार्ग, आणि जानेवारी १९९८ मध्ये तो पूर्ण. परदेशी धनकोच्या दारात न जाता आणि तीस वर्षे न लावता. ते ज्या देशात जमले तो हाच देश.

आज त्याच देशात रेल्वेच्या तिकिटावर छापलेले असते की, प्रवासी प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच भरतो. सिद्धेश्वरहून हिंगोली गाठून नांदेडच्या रुग्णालयात निघालेल्या वृद्धेला हे उपकार सुनावले जातात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये महासाथीच्या निमित्ताने काढली गेली. महासाथ गेली, सवलत आली नाही. करोनाच्या काळात साध्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लावून दहा रुपयांच्या तिकिटाचे तीस केले. ते खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. बुलेट ट्रेनच्या तिकिटावर मात्र, हा प्रवास पन्नास वर्षांच्या राष्ट्रीय कर्जाच्या आधाराने चालला आहे, असे छापले जाईल काय?

पालघरच्या आदिवासी ग्रामसभांनी जमीन देण्यास नकार दिला तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. त्यांच्या बाजूने मराठवाड्यातून आवाज उठला नाही, हेही खरे. पालघरच्या वाडीतला माणूस आणि पूर्णेकाठचा माणूस यांचा प्रश्न एकच आहे, हे दोघांनाही कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम पक्षाचे होते.

हिंगोली, वाशीम, अकोला आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांतील शाखांनी यासाठी एकत्र बसावे. अकोट–आमला खुर्द भागाची तारखांसह कालमर्यादा, पूर्णा–अकोला मार्गाचे दुहेरीकरण, प्रत्येक गाडीला पुरेसे साधे डबे, ज्येष्ठांची सवलत, आणि औंढ्याहून गाडीच्या वेळेला स्थानकावर पोचणारी एस. टी. ही मागण्यांची यादी लहान आहे. नांदेडचे विभागीय रेल्वे कार्यालय २००३ पासून मराठवाड्यात आहे. झोनचे मुख्यालय मात्र अजून सिकंदराबादेत. निवेदन दोन्हीकडे द्यावे लागेल, आणि खांडव्याच्या मित्रांनी त्यांच्या बाजूने तेच निवेदन त्याच दिवशी द्यावे, यासाठी त्यांना आजच पत्र गेले पाहिजे.