डोंगराआडच्या वाड्या आणि बिनतारी दुवे

मुंबईहून पुण्याकडे जाणारे सर्व काही मावळातून जाते. मावळात थांबते मात्र फार थोडे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली. १९१५ साली लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली, आणि ज्या डोंगरांवरच्या पावसातून ती वीज झाली त्या डोंगरांतील वाड्यांत पुढे कित्येक दशके कंदीलच मिणमिणत राहिले. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहता झाला. आता हीच कथा इंटरनेटच्या बाबतीत घडत आहे. महामार्गालगत आणि लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत बसून हवा तो चित्रपट पाहता येतो. परंतु पवन मावळात, नाणे मावळात किंवा आंदर मावळात डोंगराची एखादी सोंड आड आली की हातातला दूरध्वनी मुका होतो.

इंटरनेट ही शहरी चैन आहे, असे म्हणण्याचे दिवस कधीच सरले. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, शिधापत्रिकेची अंगठ्याच्या ठशाने होणारी पडताळणी, शाळेने भरावयाची नाना प्रकारची माहिती, हे सारे शासनानेच संगणकावर नेऊन ठेवले आहे. एखादी सोय सक्तीची करावयाची आणि ती वापरण्याचे साधन मात्र ज्याचे त्याने शोधावे असे सांगावयाचे, हा न्याय नव्हे. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद असताना कणकवली तालुक्यातील एक विद्यार्थिनी टेकडीवर झोपडी उभारून तेथून वर्गाला हजर राहत असे. वृत्तपत्रांनी तिच्या जिद्दीचे योग्य ते कौतुक केले. तिच्या घरापर्यंत लहरी का पोहोचत नाहीत, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने अल्पच झाली.

मोठ्या कंपन्यांना दोष देऊन काही साधणार नाही. चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीसाठी मनोरा उभारणे त्यांच्या हिशेबात बसत नाही. केंद्र शासनाची २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने चाललेली योजना प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची आहे. परंतु मावळातील ग्रामपंचायत म्हणजे पुष्कळदा एक गाव आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या त्याच्या वाड्या. तंतू कचेरीच्या दारात आला तरी वाडी ओढ्यापलीकडे, टेपाडाआड राहतेच. हे शेवटचे तीन-चार किलोमीटर कोणी जोडावयाचे? प्रस्तुत लेखकाच्या मते ते काम स्थानिक, लहान इंटरनेट पुरवठादारच करू शकेल, आणि त्याचे मुख्य हत्यार म्हणजे उघड्यावर बसविलेला बिनतारी पुनःप्रक्षेपक. कामाची माणसे ज्याला सरसकट रिपीटर म्हणतात तो.

या यंत्रात गूढ असे काही नाही. एका खांबावर दोन रेडिओ: एकाचे तोंड गावातील मूळ केंद्राकडे, दुसऱ्याचे वाडीकडे. पहिला ऐकतो, दुसरा बोलतो. एकाच रेडिओकडून दोन्ही कामे करून घेण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. परंतु त्याच वाहिनीवर ऐकावयाचे आणि त्याच वाहिनीवर बोलावयाचे म्हटले की वेग निम्म्यावर येतो, आणि असे दोन टप्पे झाले की पाव. दुसरी गोष्ट, दोन टोके एकमेकांना दिसणे पुरेसे नसते. त्या सरळ रेषेभोवती लांबट फुग्याच्या आकाराचा प्रदेश बहुतांशी मोकळा लागतो, ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी पाच किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे आठ मीटर भरते. मावळात फसगत होते ती येथेच. पाहणी एप्रिलमध्ये होते, तेव्हा झाडे निष्पर्ण असतात आणि दुवा उत्तम चालतो. जुलैत तीच झाडे पालवतात, पाने चिंब होतात आणि दुवा तुटतो. लोक पावसाला दोष देतात. वस्तुतः एवढ्या अंतरावर या लहरींना पाऊस फारसा अडवीत नाही. अडविते ते ओले पान.

पावसाचा खरा मार बसतो पेटीवर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो आडवाही येतो. पेटीत तार वरून घेतली तर पाणी तारेच्या अंगाने आत उतरते. म्हणून ती खालून घ्यावी आणि तिला झोळ ठेवावा, म्हणजे थेंब बाहेरच गळतो. सांध्यांवर पाणी न धरणारी चिकटपट्टी हवी, खांबाला भूसंपर्क हवा आणि विजेच्या लोळापासून संरक्षण हवे. मुंग्या आणि पाली यांना ही उबदार पेटी फार आवडते. माकडांबद्दल तर भाजे-कार्ल्याच्या रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

विजेचे गणित त्याहून कठोर आहे. दोन रेडिओ व त्यांना जोडणारे लहान उपकरण मिळून २० वॅट धरले तर दिवसाला ४८० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. ती दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच वापरली, तर पुरते दोन दिवसही निघत नाहीत. आणि घाटमाथ्यावर जुलैत आठवडा-आठवडा सूर्यदर्शन होत नाही. म्हणजे सौर तक्त्यावर विसंबून डोंगरमाथा गाठण्यापेक्षा, थोडी कमी उंच पण वीज असलेली जागा शतपटीने बरी. अशी जागा प्रत्येक गावात आहे: शाळेचे छप्पर किंवा पाण्याची उंच टाकी.

कायद्याची मुख्य अडचण आता उरलेली नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचे विस्तीर्ण पट्टे, ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत, उघड्यावर वापरण्यासही मोकळे झाले. सेवा विकण्यासाठी पुरवठादाराचा परवाना लागतो, आणि तो लागावाच. मात्र मोकळा पट्टा म्हणजे सर्वांचा पट्टा. लोणावळ्याच्या बाजारपेठेत हा गोंगाट एवढा असतो की तेथे दोन पुरवठादारांनी आपापसांत वाहिन्या वाटून घेतल्या नाहीत तर दोघांचेही नुकसान ठरलेले.

हे सारे कल्पनाविलास नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून पालघरच्या खेड्यांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांचा उपयोग करून असे दुवे जोडून दाखविले. हिमाचलातील धरमशाला येथे २००५ पासून डोंगराडोंगरांवर बिनतारी जाळे उभे राहिले. नेपाळातील महाबीर पुन या शिक्षकाने आपल्या नांगी गावातून आरंभ करून, प्रसंगी झाडांवर अँटेना चढवून, डोंगरी गावे जोडली. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिक्षक वाचकांनी या शेवटच्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्यावे.

एक आक्षेप रास्त आहे. उंच जागा म्हटली की लोहगड-विसापूर डोळ्यांसमोर येतात. ते संरक्षित किल्ले आहेत. लोहगड तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. तेथे खांब रोवण्याची कल्पनाही कोणी करू नये, आणि वर सांगितलेल्या विजेच्या हिशेबाने तशी गरजही नाही. दुसरा आक्षेप असा की, उद्या उपग्रहावरून थेट इंटरनेट मिळणार असता हा खटाटोप कशाला? उपग्रह जरूर यावा. परंतु त्याचे यंत्र वाडीतल्या प्रत्येकाला परवडेल असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि ते बिघडले तर तक्रार कोठल्या तरी दूरच्या शहरातील ध्वनिमुद्रित आवाजाकडे करावी लागेल. रिपीटरची बिघडलेली तार वाडीतला आय.टी.आय. झालेला मुलगा तासाभरात बदलू शकतो. त्याला दरमहा काही मानधन मिळाले तर तो गावातच टिकेलही.

म्हणून मागणी लहानच आहे. ग्रामपंचायतींनी शाळेचे छप्पर वा टाकी नाममात्र भाड्याने द्यावी, त्या बदल्यात शाळेला व कचेरीला विनामूल्य जोडणी मागून घ्यावी, आणि करारात दोन अटी घालाव्यात: बिघाड किती दिवसांत दुरुस्त व्हावा याची मुदत, आणि दुसऱ्या पुरवठादारासही त्याच खांबावर जागा देण्याची तयारी. ही दुसरी अट विसरली तर मोठ्या कंपनीच्या जागी लहान मक्तेदार तेवढा येईल. जिल्हा परिषदेने असा नमुना-करार एकदाच तयार करून दिला तर प्रत्येक सरपंचाला वकील गाठावा लागणार नाही. ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाला तर पाऊस सुरू होण्यापूर्वी चार महिने हाती राहतात. पाहणी, खांब, भूसंपर्काचा खड्डा आणि पेटी एवढ्यांना ते पुरतात. जूनच्या मध्यानंतर मावळात छपरावर चढून कोणी काम करीत नाही.