खेळाडूचे उत्तरायुष्य

‘खेळाने का पोट भरते?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. खडकीचे श्री. धनराज पिल्ले बालपणी मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकले आणि १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळले. १९९८ साली बँकॉक येथे त्यांच्या नायकत्वाखाली भारतास ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक लाभले. आणि लागलीच त्यांनाच संघातून वगळण्यात आले! पुढे पुन्हा बोलाविले, ही गोष्ट निराळी. विमान कंपनीची नोकरी होती, म्हणून पोटाची विवंचना नव्हती. परंतु अशा अवहेलनेवर नोकरी हा उतारा नव्हे. तेव्हा जाब निवड करणाऱ्यांस विचारावा, मुलाच्या हातची काठी काढून घेऊ नये. निवृत्तीनंतर श्री. पिल्ले यांनी गुजरातेत मुलांस हॉकी शिकविण्याचे कार्य पत्करिले.