मागे उरलेल्यांसाठी कोण बोलणार?

अमेरिकेतील भारतीयांच्या यशाच्या कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. त्या यशामागची प्रदीर्घ रांग मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ही रांग आहे ग्रीन कार्डाची, म्हणजेच कायम वास्तव्याच्या परवान्याची. १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारे द्यावयाच्या कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठरवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक कार्डे जाऊ नयेत, असे बंधन घातले. पत्नी-मुलेही याच संख्येत मोजली जातात. आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाला आणि भारताला मर्यादा एकच! याला समता म्हणावे की समतेचा आभास?

पुण्या-नाशिकचा अभियंता तेथे वर्षानुवर्षे कर भरतो. पण नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असतेच. मुलांची अवस्था अधिक करुण. बालपणी तेथे गेलेले मूल २१ वर्षांचे झाले, की सामान्यतः आई-वडिलांच्या अर्जावरील त्याचा हक्क संपतो. ज्या देशात ते वाढले, तेथेच ते परके ठरते.

हे बदलणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या माजी अमेरिकी सैनिकालाही नागरिकत्व नाकारले होते. पुढे न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग यांनी ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’च्या माध्यमातून दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींचे मन वळवले. २ जुलै १९४६ रोजी ल्यूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची स्वाक्षरी झाली. वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना प्रवेश मिळाला. पण नागरिकत्वाचे द्वार उघडले. १९४९ साली नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ साली थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. हा कायदा भारतीयांबरोबरच फिलिपिनो लोकांसाठीही होता, हे येथे विसरून चालणार नाही.

अलीकडच्या प्रयत्नांत नेमके हेच सूत्र सुटले. जुलै २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटनेही डिसेंबर २०२०मध्ये त्याचे वेगळे रूप मान्य केले. परंतु दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. एकूण संख्या न वाढवता केवळ रांगेचा क्रम बदलला, तर इतर देशांच्या लोकांची प्रतीक्षा लांबेल, हा त्यावरील आक्षेप अनाठायी नव्हता. म्हणूनच मागणी दुहेरी हवी. मर्यादा हटवा आणि संख्याही वाढवा. तसे झाले, तरच अन्य स्थलांतरित समाज विरोधक न राहता सहप्रवासी होतील.

रांगेत उभ्या असलेल्यांना तेथे मताचा अधिकार नाही. तो आहे रांग ओलांडून नागरिक झालेल्यांना. गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग निष्ठेने जोपासणाऱ्या तेथील मराठी मंडळींनी आपल्या लोकप्रतिनिधींच्या दारी हा प्रश्नही न्यावा. आपण आत आलो, आता दार लावून घ्या, ही वृत्ती समाज म्हणवणाऱ्यांना शोभत नाही.